ब्रेन मॅपिंगमध्ये व्यसन दिसतं का? दारू, मेंदूच्या लहरी आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी ईईजीबद्दल लिहिलं होतं, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरींचं रेकॉर्डिंग करतात ती टेस्ट. त्यात दारूवर जेमतेम एक परिच्छेद होता, की व्यसनी माणसांच्या लहरी वेगळ्या दिसतात आणि त्यावर कित्येक दशकं संशोधन चालू आहे. पत्रं मात्र सगळी त्या एका परिच्छेदावरच आली. म्हणून या वेळी आख्खा कॉलम त्यालाच. पत्रं थोडी छाटलीत, नावं काढलीत.

डॉक्टर, माझे मिस्टर रोज पितात. विचारलं की म्हणतात दोनच पेग घेतो, व्यसन वगैरे काही नाही. ओळखीतल्या एकांनी सुचवलं की ब्रेन मॅपिंग करा, मेंदूचा रंगीत रिपोर्ट मिळतो, त्यात व्यसन आहे की नाही ते सरळ दिसतं, मग मान्य करतील. पॅकेज बरंच महाग आहे. करून घेऊ का? (एक ताई, धायरी)

ताई, नका करू. ते पैसे ठेवा, उपचाराला लागतील.

ब्रेन मॅपिंग म्हणजे बहुतेक ठिकाणी ईईजीच असतो, फक्त कॉम्प्युटर त्या लहरींची मोजणी करून डोक्याच्या चित्रावर लाल-निळे रंग भरतो. रंग बघितले की एकदम खूप काही कळल्यासारखं वाटतं. पण "या माणसाला दारूचं व्यसन आहे" हे सांगणारा रंग त्यात नसतो. खूप वर्षं पिणाऱ्या लोकांचा गट घेतला आणि न पिणाऱ्यांचा गट घेतला तर दोन्ही गटांच्या सरासरीत फरक नक्की दिसतो. पिणाऱ्यांमध्ये बीटा लहरी, म्हणजे साधारण सेकंदाला १३ ते ३० वेळा हलणाऱ्या, जास्त जोरात असतात आणि अल्फा, म्हणजे डोळे मिटून शांत बसल्यावर येणाऱ्या ८ ते १३ च्या लहरी, बऱ्याचदा फिक्या असतात. पण हा फरक गटांचा आहे. एकटा माणूस समोर बसवला तर त्याची बीटा टेन्शनमुळे जास्त असू शकते, झोपेच्या गोळीमुळे असू शकते, कपाळाचे स्नायू आवळून बसल्यामुळेसुद्धा तशी दिसू शकते. उलट रोज क्वार्टर पिणाऱ्याचा ईईजी अगदी नॉर्मल येऊ शकतो, आणि ताई, मला खरी भीती त्याची वाटते. तुम्ही एवढा खर्च करून रिपोर्ट आणाल, त्यावर नॉर्मल लिहिलेलं असेल, आणि मग पुढची दोन वर्षं तो कागद तुमच्यासमोर नाचवला जाईल.

ब्रेन मॅपिंग या शब्दाला आपल्याकडे पोलीस तपासामुळे उगाच वजन आलंय. २००८ मध्ये पुण्यातल्याच एका खून खटल्यात अशा टेस्टचा आधार घेतला गेला होता आणि त्याची जगभर चर्चा झाली, मग २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कुणाच्याही मर्जीविरुद्ध नार्को किंवा असली मेंदूची टेस्ट करता येणार नाही. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की हे मशीन खोटं पकडतं. तुमच्या मिस्टरांनी किती पेग घेतले हे ते मशीन पकडू शकत नाही.

व्यसन ओळखायला जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे, ४० पैकी ८ किंवा जास्त आले की डॉक्टर सावध होतात. फुकट आहे, दहा मिनिटं लागत नाहीत. प्यायला बसल्यावर आधी ठरवल्यापेक्षा जास्त झाली का, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, आदल्या रात्रीचं आठवत नाही असं होतं का, घरच्यांनी कमी करायला सांगितलं का, असले प्रश्न आणि डॉक्टरांचं बोलणं यातून जे कळतं ते लिव्हरच्या रक्ततपासणीतूनही तेवढं कळत नाही. ते यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा, असं चालतं, बऱ्याच जणी जातात. येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून हेच काम करतंय. नातेवाइकांसाठी अल-अनॉनच्या मीटिंग असतात. फोनवरच बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, टोल फ्री.

ईईजीत डोक्याला शॉक देतात का हो? माझ्या भावाला लिहून दिलाय, आई घाबरलीय. (हडपसर)

अजिबात नाही. मशीन काही देत नाही, फक्त घेतं. मेंदूच्या पेशींची जी स्वतःची वीज असते ती टाळूपर्यंत येता येता इतकी बारीक होते की ती मायक्रोव्होल्टमध्ये मोजावी लागते, घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या साधारण तीस हजाराव्या हिश्शाएवढी. जर्मनीत येना गावात हान्स बर्गर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा पकडल्या, छापल्या १९२९ मध्ये, तेव्हापासून टेस्टचा गाभा तोच आहे. आईंना सांगा, आदल्या दिवशी केस शांपूने धुवायचे, तेल अजिबात नाही, कारण तेलावर इलेक्ट्रोड धरत नाही आणि मग टेक्निशियनला टाळू घासत बसावं लागतं. पेस्ट लावून वीस-एकवीस इलेक्ट्रोड चिकटवतात, डोळे उघडा मिटा, जोरजोरात श्वास घ्या असं सांगतात, डोळ्यांसमोर लाइट चमकवतात. अर्ध्या तासात मोकळे. नंतर केसातली पेस्ट काढायचा तेवढा वैताग.

मॅडम, मी फायनल इयरला आहे, आमचं बीईचं प्रोजेक्ट ईईजीवरून अल्कोहोलिक ओळखायचं आहे. नेटवरचा डेटासेट घेतला, सीएनएन (स्वतः शिकणारं एक कॉम्प्युटर मॉडेल) लावलं, ॲक्युरसी ९८ टक्के येतेय. गाइड म्हणतात ॲप बनवा, स्टार्टअप होईल. तुमचं मत? (कोंढवा)

तुझं पत्र वाचून छान वाटलं आणि म्हणूनच जरा सविस्तर लिहिते, कारण मला वाटतं पुण्यातल्या निम्म्या कॉलेजांत कुणीतरी हेच प्रोजेक्ट करत असणार.

तू सांगितलेल्या वर्णनावरून तो यूसीआय या अमेरिकन विद्यापीठाच्या साइटवरचा डेटा आहे, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या हेन्री बेग्लायटर यांच्या लॅबमध्ये गोळा केलेला. १२२ माणसं, टोपीत ६४ इलेक्ट्रोड, सेकंदाला २५६ नोंदी, आणि प्रत्येक तुकडा फक्त एका सेकंदाचा. त्या लोकांना स्क्रीनवर साध्या रेषांची चित्रं दाखवली होती, ओळखीच्या वस्तूंची, १९८० मध्ये स्नॉडग्रास आणि व्हँडरवर्ट यांनी तयार केलेल्या संचातली. एक चित्र, मग दुसरं, आणि सांगायचं की दुसरं पहिल्यासारखंच आहे की वेगळं. म्हणजे त्या एका सेकंदात मेंदू "हे मी आत्ताच पाहिलंय का" एवढं ठरवतोय. दारू पिणाऱ्याचा मेंदू बसल्या बसल्या कसा दिसतो, ते हे नाही. हे आधी डोक्यात पक्कं कर, कारण ॲपमध्ये तू लोकांना नुसतं डोळे मिटून बसवणार असशील तर सगळाच पाया बदलला.

आता ९८ टक्के. त्या डेटाचा "लार्ज" नावाचा जो संच सगळे वापरतात त्यात दहा व्यसनी आणि दहा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी घेतलेली व्यसन नसलेली माणसं, आहेत, आणि मॉडेलच्या ट्रेनिंगला जी माणसं तीच टेस्टिंगला, फक्त ट्रायल, म्हणजे ते एकेका सेकंदाचे तुकडे, वेगळे. सोबतच्या माहितीत हे सरळ लिहिलेलं आहे, कुणी वाचत नाही. प्रत्येक माणसाच्या लहरींचं वळण त्याचं स्वतःचं असतं, कवटीची जाडी, अल्फाचा वेग, डोळ्यांची उघडझाप, सगळंच. तुझं मॉडेल बहुतेक "हा व्यसनी आहे" हे शिकलेलं नाही, "हा तो सात नंबरचा माणूस आहे आणि सात नंबर व्यसनी होता" हे शिकलंय. तू पूर्ण १२२ जणांचा डेटा घेऊन सगळे ट्रायल पत्त्यांसारखे पिसून ८०-२० वाटले असशील तरी तीच गोष्ट, एकाच माणसाचे तुकडे दोन्हीकडे गेले. आज रात्रीच एक काम कर. फाइलच्या नावातलं चौथं अक्षर बघ, ए असेल तर व्यसनी, सी असेल तर कंट्रोल, आणि त्यापुढचा नंबर म्हणजे माणूस. त्या नंबरावरून वाटणी कर, म्हणजे टेस्टमधला एकही माणूस मॉडेलने आधी पाहिलेला नको. आकडा खाली येईल. किती खाली येतो तोच तुझ्या प्रोजेक्टचा खरा निकाल. वाईट वाटून घेऊ नकोस, गाइडना तसाच दाखव.

अजून दोन गोष्टी. पूर्ण संचात ७७ व्यसनी आणि ४५ कंट्रोल आहेत, म्हणजे काहीही न शिकता प्रत्येकाला "व्यसनी" म्हणणारा प्रोग्रॅमसुद्धा ६३ टक्के बरोबर येतो, तुझी सुरुवात शून्यापासून नाही तर तिथून होते. आणि दुसरी जास्त महत्त्वाची, या लॅबच्या पेपरांमध्ये वयं बघ. व्यसनी गट सरासरीने पस्तिशीच्या पुढेमागे, कंट्रोल गट पंचविशीचा. दहा वर्षांच्या फरकाने मेंदूच्या प्रतिसादात फरक पडतोच, दारू असो नसो. शिवाय त्या ६४ चॅनेलमध्ये एक्स आणि वाय नावाची जी दोन आहेत ती डोळ्यांच्या हालचालीची आहेत, ती तुझ्या मॉडेलला दिलीस तर ते मेंदू सोडून डोळे वाचत बसेल.

डेटा वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. उलट नव्वदच्या दशकात हे सगळं उघड करून जगातल्या पोरांच्या हातात ठेवलं हे मोठंच काम आहे. पण तो गोळा केला होता मेंदू समजून घ्यायला. कुणाला व्यसनी ठरवणारं ॲप काढायला नाही. उद्या एखादी कंपनी तुझं ॲप विकत घेऊन नोकरीच्या मेडिकलला लावेल आणि कुणीतरी पोरगा ज्याने थेंबही घेतलेला नाही तो घरी बसेल, याचा विचार स्टार्टअपच्या आधी व्हायला हवा, इंजिनिअरनेच करायला हवा.

माझे वडील दारूनेच गेले. मी २६ वर्षांचा, आजपर्यंत हातही लावलेला नाही. लग्न ठरतंय आणि मुलीच्या मामांनी बैठकीत सगळ्यांसमोर म्हटलं, हे रक्तात असतं, उद्या सुरू होईल. नेटवर वाचलं की पी ३०० नावाच्या टेस्टमध्ये हे आधीच कळतं. मी ती करून त्यांना रिपोर्ट दाखवू का? (सिंहगड रोड)

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. सगळ्यांसमोर असं बोलणं हे क्रूर आहे, आणि मामांना जे थोडंफार माहीत आहे ते अर्धवट आहे.

तुम्ही वाचलंत ते मूळ संशोधन सांगते. १९८४ मध्ये याच बेग्लायटर यांनी आणि त्यांच्या सहकारी बर्निस पोर्जेझ यांनी सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास छापला. सात ते तेरा वर्षांची मुलं घेतली, निम्म्यांचे वडील दारूचे व्यसनी, निम्म्यांचे नाहीत. मुलांनी स्वतः दारूला स्पर्शही केलेला नव्हता. स्क्रीनवर मध्येच कधीतरी वरून पाहिलेल्या डोक्याचं चित्र यायचं, अंडाकृती गोल, एक नाक, एक कान, आणि मुलाने बटण दाबून सांगायचं की कान डावा की उजवा, नाक कधी वर कधी खाली असल्यामुळे जरा विचार करावा लागायचा. असं क्वचित येणारं आणि दखल घ्यायला लावणारं काही दिसलं की साधारण तीनशे मिलिसेकंदांनंतर मेंदूत एक लाट उठते, ती पी ३००. एकदाच बघितली तर ती बाकीच्या लहरींत बुडून जाते. मंडईत ऐन गर्दीत एकच भाजीवाला ठरावीक वेळाने तीच आरोळी देत असेल तर बाकीचा गोंगाट दर वेळी वेगळा आणि आरोळी तेवढी सारखी, म्हणून शंभर रेकॉर्डिंग एकमेकांवर ठेवून सरासरी काढली की आरोळी वर येते, तसंच इथे करतात. व्यसनी वडिलांच्या मुलांमध्ये ही लाट सरासरीने ठेंगणी निघाली.

या निकालाने बरंच काही उलटंपालटं झालं. तोपर्यंत व्यसनी माणसाची ठेंगणी लाट बघून सगळे म्हणायचे की दारूने मेंदू बिघडवला. पण ज्याने कधी प्यायलेलीच नाही त्याच्यातही ती असेल तर ती दारूच्या आधीपासून आहे. म्हणजे व्यसनात काहीतरी जन्माने मिळालेलं असतं, नुसता चारित्र्याचा दोष नसतो. तुमच्या वडिलांकडे या नजरेनेही एकदा बघा. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत याच धाग्यावर कोगा नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला, कुटुंबंच्या कुटुंबं तपासली, आणि २००२ मध्ये बीटा लहरींचा संबंध चौथ्या क्रोमोसोमवरच्या गाबा रिसेप्टरच्या जीनशी जोडला गेला. गाबा म्हणजे मेंदूचा ब्रेक. दारू नेमकी त्याच ब्रेकवर काम करते.

पण आता तुमचा प्रश्न, रिपोर्ट दाखवू का. नाही. दोन गटांच्या सरासरीत फरक आहे, पण दोन्ही गटांतली मुलं एकमेकांत भरपूर मिसळलेली आहेत, एकट्याची लाट बघून तो कुठल्या गटातला हे सांगता येत नाही. आणि ठेंगणी लाट फक्त दारूशी बांधलेली नाही, लक्ष न लागणारी मुलं, उतावळ्या स्वभावाची माणसं, स्किझोफ्रेनियाचे पेशंट, सगळ्यांत ती दिसते. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा निघतो. म्हणजे बाकीचा निम्मा बाहेरचा, आणि व्यसनी बापांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं व्यसनी होत नाहीत. तुम्ही २६ वर्षांचे होईपर्यंत सुरुवातच केली नाहीत. पंधराच्या आत सुरू करणाऱ्यांना पुढे सगळ्यात जास्त त्रास होतो हे वारंवार दिसलंय, तो टप्पा तुम्ही कधीच ओलांडलात.

एक गोष्ट मात्र मोठ्या बहिणीच्या नात्याने सांगते. उद्या मित्रांच्या आग्रहाने कधी घेतलीत आणि लक्षात आलं की इतर लोक दोनमध्ये गडबडले आणि आपल्याला चारमध्येही काही झालं नाही, तर त्याचा अभिमान बाळगू नका. "मला चढतच नाही" असं लोक कौतुकाने सांगतात, पण सॅन दिएगोच्या मार्क शुकिट यांनी व्यसनींच्या मुलांवर अनेक वर्षं हेच तपासलं, आणि ज्यांना कमी चढते त्यांचाच पुढे व्यसनी होण्याचा धोका जास्त निघाला. म्हणून तुमच्यासारख्यांनी न घेणं हेच बरं. आणि मुलीशी स्वतः बोला, वडिलांबद्दल सगळं खरं सांगा, लग्न तिच्याशी आहे.

भावाने गणपतीत शपथ घेऊन एकदम दारू बंद केली. दुसऱ्या दिवशी फिट आली. ईईजी केला, नॉर्मल. मग फिट कशाची? (पिंपळे गुरव)

दारू एकदम थांबल्याची. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू वर्षानुवर्षं दारूचा ब्रेक दाबलेला धरूनच चालतो, आणि तोल राखायला स्वतःचा ॲक्सिलरेटर वाढवून ठेवतो. दारू अचानक गेली की ब्रेक सुटतो, ॲक्सिलरेटर तसाच. अशा फिट बहुधा शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत येतात, आणि मधल्या काळात काढलेला ईईजी सहसा नॉर्मलच असतो. ईईजी यात बघतात ते दुसरं काही नाही ना, म्हणजे आधीची मिरगी, डोक्याला मार, यासाठी. नॉर्मल आला म्हणून "काही झालंच नव्हतं" असं कृपया समजू नका. दोन ते चार दिवसांत भास होणं, घाम फुटणं, माणसं न ओळखणं सुरू झालं तर तो डीटी (डिलिरियम ट्रेमेन्स), त्यात जीव जाऊ शकतो, तडक हॉस्पिटल. भावाची शपथ चांगलीच आहे, पण रोज पिणाऱ्याने दारू डॉक्टरांच्या देखरेखीत सोडायची असते, गोळ्या हळूहळू कमी करत आणि बी वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं घेत. ग्लुकोजची बाटली लावताना आधी बी वन दिलंय का हे नातेवाइकांनी जरूर विचारा, त्यात संकोच कसला.

मी एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) मध्ये आहे, दीड वर्ष सोबर. माझ्या लहरी आता नॉर्मल झाल्या असतील का? आणि एका संशोधनासाठी ईईजी द्याल का असं विचारलंय, देऊ का? (औंध)

आधी अभिनंदन, मनापासून.

काही गोष्टी सुधारतात, काही तशाच राहतात. झोप, लक्ष, आठवण यात बहुतेकांना पहिल्या काही महिन्यांत फरक जाणवतो आणि आकसलेला मेंदू थोडा भरूनही येतो, हे स्कॅनमध्ये दिसलंय. पी ३०० ची लाट मात्र बऱ्याच जणांत वर्षानुवर्षं सोबर राहूनही ठेंगणीच राहते, कारण ती मुळात आधीपासूनच तशी असते, वर सांगितलं तेच. तिच्यावरून तुमची प्रगती मोजू नका. बीटा जास्त असलेल्या लोकांत उपचारानंतर पुन्हा सुरू होण्याचं प्रमाण जास्त दिसलं असं काही अभ्यास सांगतात, पण तेही गटांचं, त्यावरून एकट्या माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

संशोधनाला द्या, जमत असेल तर नक्की द्या. या विषयातला बराचसा डेटा परदेशातला आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत व्यसनींच्या कुटुंबांवर असं काम झालंय, पण ते अजून खूप वाढायला हवं, आणि दीड वर्ष टिकलेली माणसं अभ्यासाला मिळणं सगळ्यात अवघड. फक्त जाताना एथिक्स कमिटीची परवानगी आहे का ते विचारा, संमतीपत्र मराठीत मागा, नाव कुठे जाणार आणि रेकॉर्डिंग कुणाला देणार ते वाचा. मधूनच नको वाटलं तर उठून यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि पैसे कुणी मागितले तर ते संशोधन नाही. टेस्टच्या निमित्ताने जुन्या आठवणी निघतील, तर त्या दिवशी संध्याकाळची मीटिंग चुकवू नका, आणि स्पॉन्सरला, म्हणजे एएमधल्या तुमच्या अनुभवी सोबत्याला, आधीच सांगून ठेवा.